काडतुसाचा लॉट बदलला आणि गुण घसरले: पुण्यातल्या एका रायफल नेमबाजाचं प्रकरण

पार्श्वभूमी

नेमबाज मुलगी १९ वर्षांची, राहणार पिंपरी-चिंचवड, सराव बालेवाडीच्या रेंजवर. प्रकार ५० मीटर रायफल, प्रोन (पालथं झोपून) आणि थ्री पोझिशन (गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने). रायफल .२२ ची, परदेशी बनावटीची, चार वर्षं वापरातली. सरावाला महिन्याला साधारण १२०० काडतुसं लागत. वडिलांची भोसरी एमआयडीसीत छोटी टूलरूम आहे. प्रेस टूल, जिग, फिक्स्चर हे त्यांचं रोजचं काम.

२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये स्वप्निल कुसाळेंनी थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवलं. तेव्हापासून पुण्यात ५० मीटरकडे वळणारी मुलं वाढली आहेत. १० मीटर एअर रायफलमध्ये न भेटणारी एक गोष्ट या मुलांना इथे पहिल्यांदा भेटते, ती म्हणजे काडतूस. एअर रायफलचे पेलेटही तपासून घ्यावे लागतात, पण तिथे हवेचा दाब रायफल स्वतः ठरवते. .२२ मध्ये धक्का देणारी ताकद प्रत्येक गोळीबरोबर नव्याने येते आणि ती दर वेळी तंतोतंत सारखी नसते.

अडचण

प्रोनमध्ये ६० गोळ्यांना तिची सरासरी ६१८ च्या आसपास होती (गुण दशांशात मोजतात, म्हणून बेरीज ६०० च्या वर जाते). जानेवारीत काडतुसांचा नवा लॉट, म्हणजे कारखान्यात एकाच वेळी बनलेली खेप, सुरू झाला. त्यानंतर तीन आठवड्यांत सरासरी ६११ वर आली आणि तिथेच राहिली.

सात गुण ऐकायला फार वाटत नाहीत. ६० गोळ्यांत वाटले तर गोळीमागे ०.१२ गुण होतात. ५० मीटरच्या टार्गेटवर गुणाचा एक दशांश म्हणजे मध्यापासून ०.८ मिलिमीटर. म्हणजे प्रत्येक गोळी सरासरीने जेमतेम एक मिलिमीटर जास्त बाहेर जात होती. राज्य स्पर्धेत एवढ्यावर पहिल्या आठांतली जागा हुकते.

सुरुवातीला सगळ्यांचा रोख तिच्यावरच होता. स्लिंग (रायफल हाताला धरून ठेवणारा पट्टा) सैल आहे, श्वास चुकतोय, परीक्षेचा ताण आहे. दोन आठवडे स्लिंगची जागा आणि गालाचा टेकू बदलण्यात गेले आणि त्यात तिची आधीची पक्की बसलेली पोझिशनही हलली. खरा धागा इलेक्ट्रॉनिक टार्गेटच्या प्रिंटमध्ये होता. वाईट गोळ्या डाव्या-उजव्या बाजूला फारशा नव्हत्या. त्या बाराच्या आणि सहाच्या दिशेला होत्या, वर-खाली. गोळ्या आडव्या पसरल्या तर आधी वाऱ्याचा आणि ट्रिगरचा विचार करावा. उभ्या पसरल्या आणि श्वासाची लय ठीक असली, तर काडतुसाचा वेग मोजायलाच हवा.

क्लबचा क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजणारं यंत्र, लावला. जुन्या लॉटचा एक डबा सुदैवाने शिल्लक होता. त्याच्या २० गोळ्या ३२२ ते ३३० मीटर प्रतिसेकंद या पट्ट्यात आल्या. नव्या लॉटच्या २० गोळ्या ३१२ ते ३३४ मध्ये विखुरल्या. म्हणजे आधी ८ मीटरचा फरक होता, आता २२ चा.

हा फरक टार्गेटवर किती दिसतो याचा हिशोब सोपा आहे. सव्वातीनशेच्या वेगाने निघालेली .२२ ची गोळी ५० मीटर जायला सुमारे ०.१६ सेकंद घेते आणि तेवढ्यात गुरुत्वाकर्षणाने सव्वाशे मिलिमीटरच्या आसपास खाली येते. वेगात १० मीटरचा फरक पडला की हे खाली येणं सुमारे साडेसात मिलिमीटरने बदलतं. दोन रिंगांमधलं अंतर ८ मिलिमीटर आहे. थोडक्यात, नेम अगदी बिनचूक असला तरी सर्वांत संथ आणि सर्वांत वेगवान गोळीत १६-१७ मिलिमीटरचं उभं अंतर पडणार. (बॅरलच्या, म्हणजे रायफलच्या नळीच्या, कंपनामुळे हा आकडा थोडा कमी-जास्त होतो, पण अंदाज घ्यायला हिशोब पुरतो.)

काडतूस आपणच भरावं हा विचार

मोजमापं वडिलांसमोर आली तेव्हा त्यांचा प्रशिक्षकांना पहिला प्रश्न टूलरूमवाल्याचाच होता. "सर, आम्ही पाच मायक्रॉनमध्ये काम करतो. एवढंसं काडतूस, मोजून-मापून आपणच का भरायचं नाही?" परदेशातले लोक घरच्या गॅरेजमध्ये प्रेस लावून काडतुसं भरतात, हे त्यांनी व्हिडिओत पाहिलं होतं.

प्रश्न झटकून टाकण्यासारखा नव्हता. जिथे कायदा परवानगी देतो तिथे लाखो लोक हे करतात आणि त्यांची कारणं खरी आहेत. काडतुसात चार भाग असतात: पितळी केस, प्रायमर (पावडर पेटवणारी टिकली), पावडर आणि बुलेट. त्यातली केस सर्वांत महाग आणि तीच पुन्हा वापरता येते, म्हणून भरपूर गोळ्या झाडणाऱ्याचे पैसे वाचतात. जुन्या, बंद पडलेल्या कॅलिबरच्या रायफली बाळगणाऱ्यांना बाजारात तयार काडतूस मिळतच नाही. अमेरिकेत २०१३ च्या सुमारास आणि पुन्हा २०२० नंतर दुकानांतली शेल्फं रिकामी झाली, तेव्हा सुटे भाग साठवून ठेवलेल्यांचा सराव चालू राहिला. पण अचूकतेच्या मागे लागलेल्या नेमबाजाचं कारण वेगळं असतं. कारखाना सरासरी रायफलसाठी काडतूस बनवतो आणि त्याला आपल्या एका चेंबरसाठी (काडतूस बसतं ती जागा), एका बॅरलसाठी बनवलेलं काडतूस हवं असतं. ३०० मीटर रायफलमध्ये याचा फायदा स्पष्ट दिसतो. बुलेट किती खोल बसवायची, केसची मान बुलेटला किती घट्ट धरेल, प्रत्येक केसमध्ये पावडर किती सारखी पडेल, हे सगळं माणसाच्या हातात येतं.

वडिलांना हेच हवं होतं. मुलीच्या गुणांमधला जो भाग तिच्या हातात नव्हता, तो कुणाच्या तरी हातात यावा.

आता अडचणी. पहिली तांत्रिक आणि तिच्यापुढे मार्गच नाही. .२२ चं काडतूस रिमफायर आहे. त्यात वेगळा प्रायमर नसतो. पेटणारं मिश्रण केसच्या तळाच्या दुमडलेल्या कडेत, म्हणजे रिमच्या पोकळीत, कारखान्यातच भरलेलं असतं. फायरिंग पिन ती कड चेपते, मिश्रण पेटतं आणि गोळी सुटते. चेपलेली कड पुन्हा सरळ होत नाही, त्यामुळे केस एकदाच वापरायची. व्हिडिओत पाहिलेलं सगळं रीलोडिंग, म्हणजे रिकामी केस पुन्हा भरणं, सेंटरफायर काडतुसांचं होतं, जिथे तळाच्या मध्यभागी बसवलेला प्रायमर काढून नवा बसवता येतो. तयार .२२ उघडून पावडर "सारखी" करण्याची कल्पनाही पुढे आली. ती तिथेच थांबवली, कारण बुलेट एकदा उपसली की केसच्या तोंडाची पकड बिघडते आणि वेग आधीपेक्षा जास्त विखुरतो. शिवाय रिममधलं मिश्रण चेपण्यानेच पेटतं. ते व्हाइसमध्ये किंवा पक्कडीत धरणं म्हणजे बोटं आणि डोळे पणाला लावणं.

दुसरी अडचण कायद्याची. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे दारुगोळा बनवायला स्वतंत्र परवाना लागतो. नेमबाजाकडचं लायसन्स शस्त्र आणि काडतुसं बाळगण्याचं असतं, त्यात निर्मिती येत नाही. शिवाय या कायद्यातल्या "दारुगोळा" या शब्दाच्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवायची यंत्रंही येतात. म्हणजे "भरत काहीच नाही, नुसता प्रेस आणि डाय करून ठेवलाय" हा बचाव नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीला किमान सात वर्षं आणि कमाल जन्मठेप अशी शिक्षा आहे. वडिलांना यातलं काहीच माहीत नव्हतं. टूलरूममध्ये लेथ आहे, मिलिंग आहे, सीएनसी आहे, आणि तिथल्या कुणाही माणसाला हौसेने एक डाय करून बघावीशी वाटू शकते. म्हणून प्रशिक्षकांनी हे कलम त्यांच्यासमोर मोठ्याने वाचून दाखवलं. ते योग्यच झालं.

तिसरी गोष्ट ठिकाणाची. पुण्यात खडकीचा दारुगोळा कारखाना १८६९ पासून आहे. तिथून निवृत्त झालेले वडिलांचे एक परिचित आहेत. त्यांनी इमारती एकमेकींपासून लांब का असतात, मध्ये मातीचे बांध का असतात, कामगाराला सुती कपडे का लागतात, हे समजावून सांगितलं. ज्या शेडमध्ये ग्राइंडरच्या ठिणग्या उडतात तिथे पावडर ठेवायची नसते, हे त्यानंतर वेगळं सांगावं लागलं नाही.

उरलेले पर्याय

रीलोडिंग बाजूला पडल्यावर चार वाटा राहिल्या.

काडतुसं निवडून वेगळी करणं: रिमची जाडी मोजायची, वजन करायचं आणि सारखी सारखी एकत्र ठेवायची. स्वस्त काडतुसांत याचा थोडा उपयोग होतो. मॅच दर्जाच्या काडतुसांत कारखाना हे काम आधीच करतो. इथे ५०० काडतुसांच्या रिमची जाडी मोजली, तेव्हा फरक गेजच्या चुकीएवढाच निघाला. वजनाचा तर आणखी एक घोळ आहे. काट्यावर दिसणाऱ्या फरकाचा बहुतेक भाग शिसं आणि पितळ यांचा असतो. पावडर इतकी थोडी असते की तिच्यातला फरक त्यात बुडून जातो. त्यामुळे वजनावरून वेग ओळखता येत नाही.

बॅरल बदलणं: खर्चिक, आयातीचं, आणि गरज सिद्ध झालेली नव्हती.

जर्मनीतल्या काडतूस उत्पादकाच्या चाचणी केंद्रात रायफल नेणं: रीत उत्तम. तिथे बॅरल आणि ॲक्शन (काडतूस आत घेऊन झाडणारी यंत्रणा) पकडीत बसवून ओळीने लॉट तपासतात आणि जो आवडेल तो तिथेच राखून ठेवता येतो. पण रायफल देशाबाहेर नेण्या-आणण्याच्या परवानग्या, प्रवासाचा खर्च आणि दोन महिन्यांवर आलेली स्पर्धा, हे गणित जमेना. परदेशातल्या स्पर्धेला निघालेल्या नेमबाजाने मात्र हा दिवस वेळापत्रकात धरावाच.

इथेच लॉट तपासणं: क्लबमधल्या इतर नेमबाजांकडे आणि नव्याने आलेल्या मालात मिळून दोन कंपन्यांचे सहा लॉट उपलब्ध होते. हाच मार्ग घेतला.

काय केलं

आधी रायफल संशयातून मोकळी केली. चेंबरच्या लगेच पुढे जळक्या कार्बनचं कडं धरलं होतं. बोअर गाइड (सफाईचा रॉड सरळ ठेवणारी नळी) लावून, रॉड फक्त चेंबरकडून आत घालून ते साफ केलं. ॲक्शनचे दोन्ही स्क्रू उत्पादकाने सांगितलेल्या टॉर्कला पुन्हा आवळले. त्यातला एक सैल निघाला. एवढं झाल्यावर ग्रुप, म्हणजे गोळ्यांचा टार्गेटवरचा पुंजका, थोडा सुधारला, पण उभा पसारा कायम राहिला. हे आधी केलं नसतं तर पुढचे सगळे आकडे शंकास्पद ठरले असते.

मग चाचणीसाठी रायफल धरून ठेवणारी पकड. टूलरूमचं कौशल्य इथे कामी आलं. रायफल भोसरीला न्यायची नाही हे आधीच ठरवलं होतं, कारण ती लायसन्सधारकाच्या ताब्यातच राहायला हवी. वडील व्हर्नियर घेऊन रेंजवर आले. ॲक्शनच्या स्क्रूंमधलं अंतर आणि तळाचा आकार मोजला आणि कागदावर ड्रॉइंग केलं.

पहिली पकड फसली. जाड स्टीलचा ब्लॉक, त्यावर ॲक्शन, आणि जास्त घट्ट बसावं म्हणून पुढे बॅरललाही व्ही-ब्लॉकचा टेकू. टूलरूमच्या नियमाने हे बरोबरच होतं, काम जितकं घट्ट धराल तितकं चांगलं. पण गोळी सुटताना बॅरल थरथरतं आणि गोळी त्या थरथरीच्या ठरावीक क्षणी तोंडातून बाहेर पडते. बॅरलला मध्येच टेकू दिला की थरथरच बदलते, मग तपासतोय ती वेगळीच रायफल होते. जुना चांगला लॉटसुद्धा त्या पकडीत वाईट दिसला, तेव्हा हे उघड झालं. दुसऱ्या पकडीत फक्त ॲक्शन दोन स्क्रूंनी ब्लॉकवर बसवली आणि बॅरल हवेत मोकळं सोडलं. ब्लॉक फायरिंग पॉइंटच्या काँक्रीटच्या कट्ट्यावर चार बोल्टांनी पक्का केला. खात्रीसाठी जुन्या लॉटचे दोन ग्रुप तासाभराच्या अंतराने मारले. दोन्हींचे मध्य एकमेकांवर पडले, म्हणजे रायफलचा बोल्ट ओढताना पकड सरकत नव्हती.

चाचणी रेंज ऑफिसरच्या देखरेखीखाली झाली आणि गोळ्या लायसन्सधारक मुलीनेच झाडल्या. प्रत्येक लॉटच्या ६० गोळ्या धरल्या: पहिल्या २० मोजायच्या नाहीत, नंतर दहा-दहाचे चार ग्रुप. पहिल्या २० सोडायचं कारण बुलेटवरचं वंगण. प्रत्येक कंपनीचं वंगण निराळं असतं आणि बॅरलमध्ये आधीच्या लॉटचा थर शिल्लक असतो. नवा थर बसेपर्यंतच्या गोळ्या दोन्ही लॉटवर अन्याय करतात. ग्रुपचं माप सर्वांत लांबच्या दोन भोकांच्या मध्यांमधलं घेतलं. सहा लॉटच्या मिळून ३६० गोळ्या दोन सकाळींत झाल्या.

चार ग्रुपांची सरासरी, मिलिमीटरमध्ये: लॉट अ (तक्रारीचा) २३.८, ब १७.९, क १८.१, ड १५.२, इ २०.६, फ १६.०.

यात दोन जागा सांगण्यासारख्या आहेत. लॉट बचा पहिलाच ग्रुप १२.९ आला, सगळ्या चाचणीतला सर्वांत लहान. तेव्हाच "हाच घेऊन टाकू" असा सूर निघाला होता. पुढचे तीन १९.२, २०.९ आणि १८.६ आले. दहा गोळ्यांचा एक ग्रुप नशिबानेही छान येतो, म्हणून चारपेक्षा कमी ग्रुपांवर पैसे लावू नयेत. पाच गोळ्यांचे ग्रुप तर याहून फसवे.

दुसरी जागा लॉट कची. क्रोनोग्राफवर त्याचा वेग सहाही लॉटमध्ये सर्वांत एकसारखा होता, तरी ग्रुप ड आणि फपेक्षा मोठा आला. वेग एकसारखा असणं जरुरीचं आहे, पण तेवढ्याने भागत नाही. बुलेटचा आकार आणि तिचं रायफलिंगमध्ये (बॅरलच्या आतल्या पिळदार खाचांत) शिरणं या बॅरलला रुचलं पाहिजे. तक्रारीच्या लॉटचा दोष क्रोनोग्राफने दाखवला, पण निवड टार्गेटवरच झाली.

ड आणि फ पुन्हा एका थंड सकाळी, साठ-साठ गोळ्यांनी तपासले. ड १५.६ वर टिकला. फ १८.३ वर गेला.

निर्णयाची कठीण घडी इथे आली. लॉट ड ची ३००० काडतुसंच शिल्लक होती आणि क्लबमधल्या दुसऱ्या दोन नेमबाजांनाही ती हवी होती. त्या दोघांनी आपापल्या बॅरलमधून ड तपासला. एकाला तो १६ च्या आत गेला, दुसऱ्याच्या रायफलला अजिबात मानवला नाही. तिच्या बॅरलने नाकारलेला लॉट इ मात्र त्याच्याकडे उत्तम चालला. मग वाटणी भांडण न होता झाली. तिने ड ची २००० काडतुसं लायसन्सच्या मर्यादेत बसवून घेतली. ती फक्त स्पर्धा आणि स्पर्धेआधीच्या दोन आठवड्यांसाठी ठेवायची आणि रोजचा सराव फ वर करायचा, असं ठरलं.

निकाल

दीड महिन्यात प्रोनची सरासरी ६१७ वर आली. राज्य स्पर्धेत ती आठांत आली. घसरलेल्या सातपैकी सहा गुण परत मिळाले. उरलेल्या एकाचं श्रेय किंवा दोष काडतुसाला देता येत नाही, कारण मधल्या काळात बदललेली पोझिशन पूर्ववत व्हायलाही वेळ लागला.

थ्री पोझिशनमध्ये फरक कमी दिसला. उभ्याने मारताना शरीराची हालचालच काडतुसाच्या पसाऱ्यापेक्षा मोठी असते, म्हणून तिथे चांगल्या लॉटचा फायदा बराचसा झाकला जातो. सरावाला दुय्यम लॉट वापरायचाच असेल तर तो उभ्याच्या सरावाला वापरावा.

पकड आता क्लबकडे आहे. इतर बनावटीच्या ॲक्शनसाठी वडिलांनी तीन अडॅप्टर प्लेट करून दिल्या आहेत. रीलोडिंगचा विषय त्यांच्या डोक्यातून पूर्ण गेलेला नाही. ३०० मीटरच्या नेमबाजांना तांत्रिकदृष्ट्या त्याचा खरा उपयोग आहे, हे त्यांना कळलं आहे. पण तो विषय परवाना देणारं प्राधिकरण आणि रायफल असोसिएशन यांच्या दारातूनच पुढे जाऊ शकतो, हेही त्यांनी मान्य केलं आहे.

वेगळं काय करता आलं असतं

क्रोनोग्राफ पहिल्या आठवड्यात लावायला हवा होता. गुण घसरले त्याच आठवड्यात काडतुसाचा लॉट बदलला होता आणि डब्यावरचा नंबर कुणी पाहिला नाही. सरावाच्या वहीत तारीख, तापमान आणि लॉट नंबर असे तीन रकाने असते तर स्लिंगशी झालेली झटापट टळली असती.

जुन्या लॉटचा एक डबा योगायोगाने उरला, म्हणून तुलना शक्य झाली. प्रत्येक चांगल्या लॉटचे दोन डबे मुद्दाम बाजूला ठेवले पाहिजेत. रायफल बिघडली की काडतूस, हे ओळखायचा तेवढा एकच भरवशाचा आधार असतो.

खरेदीचा क्रमही उलटा होता. तिने आधी पूर्ण लॉट घेतला, मग तपासला. माल आल्या आल्या प्रत्येक लॉटचे दोन डबे घ्यायचे, बाकीचा साठा चाचणी होईपर्यंत विकायचा नाही असं क्लबने ठरवायचं आणि मग वाटणी करायची. तीन-चार नेमबाज एकत्र आले तरच हे जमतं.

एक काम राहिलं आहे. दोन्ही चाचण्या थंडीच्या सकाळी झाल्या. एप्रिल-मेच्या दुपारी पुण्यात पारा चाळिशीला टेकतो, पावडर जास्त जोमाने जळते, गोळीचा वेग वाढतो आणि वंगणही मऊ पडतं. लॉट ड उन्हाळ्यात तसाच वागेल असं गृहीत धरता येणार नाही. त्यातली ६० काडतुसं मेच्या चाचणीसाठी वेगळी काढली आहेत. तोवर त्या डब्यांना उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीपासून लांब ठेवायचं आहे.